अण्णा, पान वरून खाली ऐकू नका

वाचकाचं पत्र:

ताई,

मी सोलापूरचा, वय ५२. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात तेवीस वर्षं हिशेब लिहिला. काचबिंदूनं नजर गेली, आता खिडकीतला उजेड तेवढा कळतो. पुतण्यानं लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकून दिलं, पडद्यावरचं बोलून वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. पत्र लिहिता येतं, फाइल उघडता येते. पण इंटरनेट उघडलं की जीव मेटाकुटीला येतो. पान उघडलं की तो आवाज वरच्या टोकापासून वाचत सुटतो. मग मी टॅब दाबत बसतो. परवा मोजलं, एका बातमीपर्यंत पोचायला ६१ वेळा टॅब दाबलं. शोधायच्या चौकोनात लिहायला गेलो तर अक्षरं उमटत नाहीत, पानच इकडून तिकडे उड्या मारतं. शेवटी मुलीला हाक मारतो. ती सीएची तयारी करतेय, तिचा रात्रीचा तास माझ्या लाइट बिलात जातो. ती काही बोलत नाही, पण मला कळतं. याला काही जवळची वाट आहे का, की माझं वयच झालं? दुसरं, एक ओळखीचे म्हणतात जॉज नावाचं असंच दुसरं सॉफ्टवेअर विकत घ्या, त्याशिवाय जमणार नाही. खरं का?

घरात मला सगळे अण्णा म्हणतात, तुम्हीही म्हणा.

उत्तर:

अण्णा,

तेवीस वर्षं हिशेब लिहिलात, म्हणजे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसला असणार. सेल्सची एंट्री करायला कधी माऊस हातात घेतलात का? एफ८ दाबलं की सेल्स, एफ९ की परचेस, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट. नवं खातं उघडायचं तर ऑल्ट + सी, एंट्री पक्की करायची तर कंट्रोल + ए. डोळे पार्टीच्या बिलावर असायचे आणि बोटं आपली चालत राहायची. अशा माणसानं ‘माझं वय झालं का’ असं विचारलेलं वाचून मला वाईट वाटलं. वय आड आलेलं नाही. टॅलीच्या कळा कुणीतरी कधीतरी दाखवल्या होत्या, वेबपानाच्या कळा कुणी दाखवल्या नाहीत, एवढाच फरक आहे.

मला स्वतःला दिसत नाही आणि तुमच्यासारखंच सुरुवातीला मीही पान वरून खाली ऐकत बसायचे. मेनू, जाहिरात, पुन्हा मेनू, मग कुठं तरी बातमी. तोवर डोकं इतकं थकायचं की बातमी ऐकायची इच्छाच उरायची नाही. मी हे महिनोन् महिने केलं, कारण मला वाटायचं आंधळ्या माणसासाठी इंटरनेट म्हणजे असंच असणार. तसं नसतं. डोळस माणूस तरी पान वरून खाली कुठं वाचतो? त्याची नजर मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारते, हवं तिथं थांबते. तीच उडी आपण बोटानं मारायची.

तुमच्या अडचणीचं मूळ टॅबमध्ये आहे, म्हणून आधी तेवढं सांगते. टॅब फक्त लिंकवर, बटणावर आणि भरायच्या चौकोनांवर थांबतो. साधा मजकूर तो ओलांडून जातो. त्यामुळे ६१ वेळा टॅब दाबून तुम्ही बातमीच्या लिंकवर पोचलात, पण आत शिरल्यावर टॅबच दाबत राहिलात तर बातमीतलं एक वाक्य ऐकू यायचं नाही. टॅब फॉर्म भरताना कामाचा. वाचायला तो नाहीच.

वाचायला एच. पान उघडलं की आधी कंट्रोल दाबून बडबड थांबवा. नुसता कंट्रोल, दुसरं काही नाही. मग एच दाबा. तो पानावरच्या पुढच्या मथळ्यावर जाईल आणि सांगेल ‘हेडिंग लेव्हल टू’, मग मथळा. पुन्हा एच, पुढचा मथळा. शिफ्ट + एच, मागचा. ‘लेव्हल’ म्हणजे मथळ्याचा दर्जा, खतावणीत मुख्य खातं आणि त्याखाली पोटखाती असतात तसं. १ दाबलं की सगळ्यात मोठा मथळा, बहुतेक पानांवर तीच बातमीची किंवा कामाची सुरुवात असते. २ दाबलं की दुसऱ्या दर्जाचे, असं ६ पर्यंत. हवा तो मथळा आला की खालचा बाण दाबत ओळ ओळ ऐका, नाहीतर इन्सर्ट धरून खालचा बाण एकदा दाबा, म्हणजे तिथून पुढं तो सलग वाचेल. थांबवायला पुन्हा कंट्रोल.

एच शोधायला सोपा आहे. एफ आणि जे या दोन कळांवर बोटाला लागणारी बारीक उंच रेघ असते. जे सापडला की त्याच्या लगेच डावीकडं एच. पहिले आठ दिवस एवढंच करा. दुसरी एकही कळ पाठ करू नका. रोज सकाळी पेपरचं पान उघडा आणि फक्त एच, शिफ्ट + एच, खालचा बाण, कंट्रोल. बोटाला ते न सांगता कळायला लागेल, तेव्हा पुढं जाऊ.

आता ती उड्या मारण्याची गोष्ट. एनव्हीडीएचे पानावर दोन मोड असतात. एक ब्राउज मोड, त्यात अक्षरं म्हणजे हुकूम: एच दाबलं की मथळा, बी दाबलं की बटण. दुसरा फोकस मोड, त्यात अक्षरं म्हणजे अक्षरंच, ती चौकोनात उमटतात. तुम्ही बहुधा बाणानं चौकोनावर पोचलात, पण आत न शिरता लिहायला लागलात. म्हणजे लाइट बिलासाठी तुम्ही इंग्रजीत ‘बिल’ टाइप केलं असेल, तर त्यातल्या बी-नं तुम्हाला बटणावर नेलं, आय-नं यादीतल्या पुढच्या ओळीवर, एल-नं दुसऱ्या यादीवर. मशीन बिघडलेलं नव्हतं, तुमचं प्रत्येक अक्षर ते हुकूम समजून पाळत होतं.

उपाय असा. ई दाबा, लिहायच्या चौकोनावर जाल. मग एंटर दाबा. एक छोटा आवाज येईल, तो आला म्हणजे तुम्ही आत आहात. आता लिहा. लिहून झालं की एस्केप, वेगळा आवाज येईल, म्हणजे बाहेर आलात. टॅबनं चौकोनावर गेलात तर तो आपणहून आत घेतो, तिथंही तोच आवाज येतो. कधी गोंधळलात तर इन्सर्ट + स्पेस, हा मोड बदलतो. हे दोन आवाज नीट ओळखून ठेवा. आपल्याकडं यंत्रमागाच्या शेडमध्ये इतका खडखडाट असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तरी माग दुरुस्त करणारा जुना जॉबर कुठला माग अडला ते कानानं सांगतो. तुम्ही त्या आवाजाशेजारीच तेवीस वर्षं वह्या लिहिल्यात. दोन टिचक्यांतला फरक तुम्हाला दोन दिवसांत कळेल.

एच हाताला बसला की बाकीची अक्षरं आपोआप येतात, कारण ती बहुतेक इंग्रजी नावांवरूनच ठेवली आहेत. बी बटण. के लिंक. एफ फॉर्ममधली कुठलीही भरायची जागा. एक्स म्हणजे खूण करायचा चेकबॉक्स, आर म्हणजे अनेकांतून एकच निवडायचं ते रेडिओ बटण, सी म्हणजे ज्यात यादीतून निवडायचं असतं तो कॉम्बो बॉक्स. एल यादी, जी चित्र, टी टेबल. शिफ्ट धरलं की हेच सगळं मागच्या दिशेनं. एनचं मात्र वेगळं सांगते, कारण फार थोडे लोक ती वापरतात आणि मला तिचा फार उपयोग होतो. एन दाबलं की लिंकांचा सगळा घोळका ओलांडून जिथं सलग मजकूर सुरू होतो तिथं जाता येतं. ज्या पानावर मथळेच नीट दिलेले नसतात तिथं एच काही करू शकत नाही, तिथं एन तारून नेते.

हिशेबाच्या माणसाला सगळ्यात आवडेल ते टेबल, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा तुम्हाला पाहायचंय की सिद्धेश्वर एक्स्प्रेस कुर्डुवाडीला किती वाजता पोचते. वेळापत्रकाचं पान उघडलंत. टी दाबा, तो सांगेल टेबल, इतक्या ओळी, इतके रकाने. खालच्या बाणानं टेबलात शिरा आणि स्टेशनच्या नावांच्या रकान्यात या. आता कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही धरून खालचा बाण दाबत जा. तो त्याच रकान्यातून खाली खाली नेईल, सोलापूर, मग पुढचं स्टेशन, मग कुर्डुवाडी. कुर्डुवाडी ऐकलं की कंट्रोल + ऑल्ट तसंच धरून उजवा बाण. रकान्याचं नाव आणि वेळ ऐकू येईल. ओळ आणि रकाना, उभं आणि आडवं, रोजमेळावर बोट फिरवावं तसंच. काही जुन्या लॅपटॉपवर याच कळांनी पडदा उलटा होतो, तुम्हाला कळणार नाही, पण मुलगी ओरडेल. तसं झालं तर तिला ग्राफिक्सच्या सेटिंगमधल्या हॉट की बंद करायला सांगा.

एखादा शब्दच शोधायचा असेल तर इन्सर्ट + कंट्रोल + एफ. आपल्या शहरात पाणी रोज येत नाही, त्यामुळं पेपरच्या पानावर ‘पाणी’ शब्द शोधायची वेळ तुमच्यावर येईलच. शब्द लिहून एंटर दाबा, थेट तिथं जाल, पुढचा तोच शब्द हवा असेल तर इन्सर्ट + एफ३. मराठीत लिहायला विंडोज + स्पेसनं कीबोर्डची भाषा बदला आणि लिहून झालं की इंग्रजीवर परत या.

पान अगदीच अनोळखी असेल तर इन्सर्ट + एफ७. एक खिडकी उघडते, तिच्यात पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी असते. ऑल्ट + एच दाबलं की लिंकांऐवजी मथळ्यांची. बाणानं खालीवर फिरा, हवं त्यावर एंटर. नव्या साइटवर मी पहिल्यांदा गेले की अजूनही हेच करते. पुस्तक हातात घेतलं की आधी अनुक्रमणिका पाहावी तसं.

लॅपटॉपवर इन्सर्ट अडचणीच्या जागी असेल तर एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये कॅप्स लॉकला तेच काम देता येतं. आकड्यांचा वेगळा पॅड असेल तर नमलॉक चालू ठेवा, बंद असला की त्या कळा एनव्हीडीए स्वतःच्या कामाला घेतं आणि आकडे उमटत नाहीत. हिशेबाच्या माणसाचं बोट तिथंच जातं, म्हणून मुद्दाम सांगितलं. कुठली कळ काय करते ते न घाबरता बघायचं असेल तर इन्सर्ट + १ दाबा. मग कुठलीही कळ दाबा, तो फक्त तिचं काम सांगतो, करत काहीच नाही. पुन्हा इन्सर्ट + १ दाबलं की नेहमीसारखं चालू.

मराठी पानांचं एक. आवाज इंग्रजी असेल तर देवनागरी मजकुराचं तो काहीतरीच करतो किंवा गप्प बसतो. एनव्हीडीएबरोबरच ईस्पीक नावाचा आवाज येतो, त्यात मराठी आहे. कानाला तो कोरडा लागतो, चार दिवस त्रास होईल, पण उच्चार समजतात. वेग आधी कमीच ठेवा. आणि काही जुनी पानं, जुनी परिपत्रकं जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली असतात, ती कुठल्याही आवाजात अर्थहीन अक्षरांसारखीच ऐकू येतात. कागदाचा नुसता फोटो काढून चढवलेला असेल तर आवाजच येत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा कळा दाबून स्वतःला दमवू नका.

हे मी जोर देऊन सांगतेय, कारण आपण फार लवकर दोष स्वतःकडं घेतो. मी एकदा एका फॉर्मवर पाऊण तास घालवला. शेवटी पोचले तर खाली तीन बटणं होती आणि तिन्ही नुसतं ‘बटण’, ‘बटण’, ‘बटण’ असंच बोलत होती, कारण बनवणाऱ्यानं त्यांना नावच दिलं नव्हतं. मी मधलं दाबलं. सगळा फॉर्म कोरा झाला. त्या रात्री मला वाटलं, आपल्याला जमत नाही. आज मला त्याचा राग येतो, कारण बटणाला नाव देणं हे बनवणाऱ्याचं दोन मिनिटांचं काम असतं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणून बटण बोललं नाही, कॅप्चाला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून लिहायला लावणाऱ्या चौकोनाला, ऐकायची सोय नसली, तर त्या कार्यालयाला मेल टाका. कुठल्या पानावर, कुठली कळ दाबल्यावर काय ऐकू आलं, एवढंच लिहा. तुम्ही हिशेबनीस आहात, नेमकं लिहिणं तुम्हाला जमतं.

लाइट बिलाच्या फॉर्ममध्ये एका ठिकाणी जपा. यादीतून निवडायचं असतं तिथं फोकस मोडमध्ये नुसता बाण दाबला तरी निवड बदलते. पुढं जायला म्हणून खालचा बाण दाबायचा आणि नकळत भलताच पर्याय निवडला जायचा. तिथं आधी ऑल्ट + खालचा बाण दाबून यादी उघडा, हवं ते ऐका, एंटर दाबा, मग टॅबनं पुढं जा. आणि पैसे भरायच्या आधी शिफ्ट + टॅबनं एकेक चौकोन मागं जात काय भरलंय ते ऐकून घ्या, व्हाउचर पक्कं करण्याआधी एकदा नजर टाकायचात तसं.

जॉजबद्दल. ते उत्तम आहे, नाही म्हणत नाही. अपघातात दृष्टी गेलेल्या टेड हेंटर यांनी ते उभं केलं, १९८९ मध्ये आलं. एनव्हीडीए २००६ मध्ये मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं सुरू केलं, ते फुकट मिळावं म्हणूनच. दोन्ही आपल्यासारख्यांनीच बनवलेली. आणि अक्षरं जवळपास तीच आहेत, एच तिथंही मथळाच. रेडिओ बटणाला तिथं आरऐवजी ए, मथळ्यांच्या यादीला इन्सर्ट + एफ६, असे थोडे फरक. नोकरीच्या ठिकाणी खास सॉफ्टवेअर असेल आणि ते एनव्हीडीएला जुळत नसेल तर जॉजचा विचार करा. बातम्या, बिलं, रेल्वे, बँक यांसाठी तुमचे पैसे खर्च करायला मी सांगणार नाही. पाहायचंच असेल तर ते विकत न घेता एका वेळी ४० मिनिटं चालवून बघता येतं.

आता मुलीचं. तिला बोलावणं बंद करू नका, पण बोलावल्यावर तिच्या हातात माऊस देऊ नका. माऊस तिच्या हातात गेला की बिल भरलं जातं, तुम्ही तिथंच राहता. तिला म्हणा, शेजारी बस आणि मी अडलो की पडद्यावर काय लिहिलंय तेवढं वाच. ‘वर उजवीकडं निळं बटण आहे’ असं ती सांगेल, सगळे डोळस लोक तसंच सांगतात. त्याचा आपल्याला काही उपयोग नसतो. तिला बटणावरचा शब्द विचारा. ‘सबमिट’ म्हणाली की तुम्ही बी दाबत दाबत ‘सबमिट’ ऐकू येईपर्यंत जाल. दोन-चार बिलांनंतर ती शेजारी बसून स्वतःचा अभ्यास करत असेल. पासवर्ड आणि ओटीपी मात्र पहिल्या दिवसापासून तुम्हीच टाका. ती पोटची मुलगी आहे, विश्वासाचा प्रश्न नाही, पण तुमचं बँकेचं खातं तुमच्याच बोटांनी उघडू दे.

आणि काचबिंदूचे थेंब चुकवू नका. गेलेली नजर परत येत नाही, पण खिडकीचा तो उजेड तुमचा आहे, तो राखायचा.

आज रात्री ते ६१ वालं पान पुन्हा उघडा. कंट्रोल दाबा, आवाज थांबू द्या, मग एच. त्या बातमीपर्यंत पोचायला किती वेळा दाबावं लागलं ते मोजा आणि पुढच्या पत्रात मला फक्त तो आकडा लिहून पाठवा.

तुमची ताई